लांब झूमचा ब्रिज कॅमेरा: रोज गळ्यात घालून फिरता येईल असा कुठला?

चारभिंतीची_पायवाट, सातारा
नमस्कार मंडळी. जूनअखेर बँकेतून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं लोकांच्या नोटा मोजल्या, आता स्वतःच्या थोड्या मोडायच्या आहेत.

रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालायला जाते. वाटेत खंड्या, तांबट, कोतवाल, कधी नशीब असेल तर शिक्रा. फोनवर फोटो काढला की फांदीवर मोहरीचा दाणा दिसतो आणि घरी सांगावं लागतं, "हा बघा, हा खंड्या." घरातले मान डोलावतात. त्यांच्या डोळ्यांत जी दया असते ती मला बघवत नाही.

लेन्स बदलत बसण्याची हौस नाही. एकच कॅमेरा, एकच लेन्स, त्यालाच ब्रिज कॅमेरा म्हणतात असं कळलं. वापर असा: रोजचे पक्षी, सप्टेंबरात कासची फुलं, डिसेंबरात नातवाचं गॅदरिंग, आणि पौर्णिमेला गच्चीवरून चंद्र. बजेट पन्नास हजार, फार तर पंचावन्न. उजवा गुडघा कुरकुरतो, चष्मा आहे. भाचा म्हणतो डोळे झाकून निकॉन पी९५० घे, ८३ पट झूम. इंटरनेटवर एवढे व्हिडिओ बघितले की आता कॅमेऱ्याचीच भीती वाटायला लागली आहे. कृपया मार्ग दाखवा.

खिशातला
ताई, पन्नास हजारांत चांगला फोन येतो. तोही झूम करतो. गळ्यात दगड कशाला बांधून घेताय?

टिटवी, वाई
खिशातले भाऊ, ताईंनी पहिल्याच परिच्छेदात मोहरीचा दाणा सांगितलाय, तो फोनचाच आहे. फोनची दूरची लेन्स पाचपटीपर्यंत खरी, त्यापुढं बहुतेक वेळा आहे तेच चित्र ताणलेलं आणि गुळगुळीत केलेलं. पिसं जाऊन प्लास्टिकचा पक्षी येतो. घरात, जेवणात, देवदर्शनाला फोनसारखं काही नाही. झाडावरच्या पक्ष्याला मात्र भिंगच लागतं.

आयर्विनखालचा, सांगली
ताई, झूम पाहिजेच. माझं सांगतो. आमच्याकडं कृष्णेत मगरी. औदुंबर, भिलवडीच्या पट्ट्यात थंडीचं ऊन खायला काठावर येऊन पडतात. दोन वर्षांमागं पलीकडच्या काठावर अशी एक पडलेली, जबडा उघडा टाकून. माझ्याकडं तेव्हा साधा कॅमेरा, किटबरोबर मिळते ती लेन्स. फोटोत नदी छान आली, काठ छान आला, मगर म्हणून एक काळी रेघ. मित्र म्हणाला जरा पुढं जाऊ. मी म्हटलं तू जा, मी तुझा फोटो काढतो, वर्तमानपत्राला लागंल.

मग पी९५० घेतला. आता मगरीचा दात मोजतो. पण हे पण लिहून ठेवा: दुपारी बारा वाजता काढला तर दात काय, मगरच लोणच्यात बुडवल्यासारखी हलती. तापलेल्या वाळूवरनं हवा उठती, तिच्यापुढं दोन हजार मिलिमीटरचा झूम पण हात टेकतो. सकाळी आठच्या आत नाहीतर काढूच नका.

त्रैराशिक, सांगली
आधी 'पट' हा शब्द डोक्यातून काढून टाका, सगळा घोळ तिथं आहे. ८३ पट म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या सगळ्यात रुंद टोकाच्या (झूम न लावता दिसतं त्याच्या) ८३ पट. पी९५० २४ मिलिमीटरपासून सुरू होतो, म्हणून शेवट २००० ला. पॅनासॉनिकचा एफझेड८२ ६० पट आहे, पण सुरुवात २० पासून, म्हणून शेवट १२०० ला. कॅननचा एसएक्स७० ६५ पट, सुरुवात २१, शेवट १३६५. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ फक्त २५ पट, २४ ते ६००. तुलना शेवटच्या आकड्याची करायची.

हा आकडाही भिंगाचा खरा नव्हे. जुन्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या भाषेत रूपांतर केलेला आहे. पी९५० च्या भिंगावर बघा, ४.३ ते ३५७ लिहिलेलं सापडेल. गोंधळू नका, दोन्ही बरोबर.

आता ठोकळ हिशोब. समोरच्या पक्ष्यापर्यंतचं अंतर गुणिले ३६ (त्या फिल्मची रुंदी), भागिले झूमचा आकडा. येईल तेवढी रुंद जागा फोटोत मावते. खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंटिमीटर धरा आणि तो वीस मीटरवर बसलाय. ६०० च्या झूममध्ये १२० सेंटिमीटर रुंद जागा येते, म्हणजे खंड्या फोटोच्या पाव भागात. १३६५ मध्ये ५३ सेंटिमीटर, म्हणजे निम्म्याहून जास्त. २००० मध्ये ३६ सेंटिमीटर, खंड्यानं फोटो भरला. आता ताई, तुमचे पक्षी किती लांब बसतात ते मोजा. पावलांनी मोजलं तरी चालेल, एक पाऊल ६० सेंटिमीटर धरा. त्याआधी कुठल्याच दुकानात जाऊ नका.

अवांतर: चंद्रासाठी झूमच्या आकड्याला ११० ने भागा आणि २४ शी (त्या फिल्मची उंची) तुलना करा. २००० ला १८ येतात, म्हणजे फोटोच्या उंचीचा पाऊण भाग चंद्र. १३६५ ला साधारण निम्मा. निकॉनच्याच पी१००० चा ३००० चा झूम लावलात तर २७ येतात, चंद्र वरखाली कापला जातो. तीन हजार घेऊन लोक चंद्र मागं सरकवत बसतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आयर्विनखालचा
सर, दहावीला तुम्ही असता तर मी पास झालो असतो.

फ्लॅशवाला, कराड
लग्नं शूट करतो, त्यामुळं माझं मत कडू वाटेल. झूमचा आकडा सगळे सांगतात, उजेडाचं कोणी बोलत नाही. पी९५० आणि एसएक्स७० दोन्हीचं भिंग पूर्ण झूमला एफ ६.५ पर्यंत मिटतं; एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी. सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा तुकडा, बोटाच्या टोकावर हरवेल एवढा. पहाटे साडेसहाला अजिंक्यताऱ्याच्या झाडीत यातून काय मिळणार? आयएसओ (उजेड कमी पडला की वाढवायची संवेदनशीलता) १६०० आणि खंड्याच्या पाठीवर रवा, म्हणजे दाणेदार फोटो.

खरा ब्रिज कॅमेरा आरएक्स१० मार्क ४. एक इंची सेन्सर, ६०० ला सुद्धा एफ ४. वरून धूळ-दवाला थोडंफार तोंड देतो. बजेटच्या बाहेर आहे, लाखाच्या वर. पण घ्यायचं तर तेच, नाहीतर फोन बरा.

गॅदरिंगचं विसराच.

टिटवी
'घ्यायचं तर तेच नाहीतर फोन' हे लग्नवाल्यांचं पेटंट वाक्य आहे. ताईंचं बजेट पंचावन्न आहे हो.

चारभिंतीची_पायवाट
सगळ्यांचे आभार. पावलं मोजली. तीन दिवस मोजली, लोकांनी वेड्यासारखं बघितलं. वडावरचा तांबट २५ पावलं, तारेवरचा खंड्या ३० ते ४०, शिक्रा शंभराच्या वर आणि तोही मोजेपर्यंत उडाला. मंगळाईच्या देवळाजवळचे सूर्यपक्षी मात्र दहा पावलांवर येतात, घाबरत नाहीत.

फ्लॅशवाले दादा, सेन्सर लहान म्हणजे नक्की किती लहान? आणि त्यानं होतं काय?

रोलवाले_काका, सातारा
सूनबाई म्हणू का ताई? माझं वय एकोणऐंशी, तेव्हा ताई राहू दे, बाळ म्हणतो.

हरभऱ्याची डाळ हातावर घे. पी९५०, एसएक्स७०, एफझेड८२ या सगळ्यांचा सेन्सर तेवढा, सहा बाय साडेचार मिलिमीटर. आरएक्स१० चा तेरा बाय नऊ, करंगळीच्या नखाएवढा. क्षेत्रफळ चौपट. पाऊस पडतोय असं समज, एकीनं वाटी ठेवली, दुसरीनं परात. पाच मिनिटांत दोन्हीकडं पाण्याची उंची सारखीच, पण परातीत पाणी किती जास्त. उजेडाचंही तसंच. भर पावसात वाटीलाही पुरतं, रिमझिमीत परात लागते.

मग सगळ्यांना परातच का देत नाहीत? कारण सेन्सर मोठा केला की तेवढ्याच झूमला भिंगही मोठं लागतं. डाळीएवढ्या सेन्सरवर १२०० चा झूम ओंजळीत मावतो. मोठ्या सेन्सरवर तेवढाच झूम म्हणजे खांद्यावरची तोफ, क्रिकेटच्या मैदानाकडेला लोक घेऊन बसतात ती. ब्रिज कॅमेरा ही सगळी तडजोडच आहे. कराडकर चूक बोलत नाही, पण तो लग्नाच्या हॉलमधून बोलतोय.

माझा प्रश्न वेगळा. वजनाचं कोणीच विचारलं नाही. पी९५० म्हणजे एक किलो. पी१००० आणि त्याचाच नवा भाऊ पी११००, दोघेही चौदाशे ग्रॅम. एसएक्स७० आणि एफझेड८२ सहाशेच्या आसपास. आरएक्स१० अकराशे. बाळ, एक कर. ज्वारीचं पीठ एक किलो पिशवीत बांध, पट्टा लाव, गळ्यात घाल आणि आठवडाभर गड चढ. मग सहाशे ग्रॅमची पिशवी घे. त्यानंतर इथं येऊन सांग.

खिशातला
काका, दंडवत. पीठ हा मुद्दा माझ्या बाजूनं आहे.

कोयनाकाठ, बामणोली
थोडं पावसाचं. कासचं पठार, सप्टेंबर म्हणजे क्षणात ऊन क्षणात ढग अंगावर. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून गर्दी किती वाढली ते सांगायला नको, पण धुकं कुणालाच रांगेत उभं करत नाही. पी९५०, एसएक्स७०, एफझेड८२ यातला एकही पाणी सोसणारा नाही. दवाला थोडं तोंड देणारे ब्रिज कॅमेरे मोजकेच: आरएक्स१० मार्क ४ आणि पॅनासॉनिकचा जुना एफझेड३००. हा एफझेड३०० मजेशीर प्राणी आहे: झूम ६०० पर्यंतच, सेन्सर डाळीएवढाच, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एफ २.८. म्हणजे ६.५ च्या पाचपट उजेड. २०१५ चा आहे, आता वापरलेलाच शोधावा लागेल.

बाकीच्यांसाठी उपाय साधा. पिशवीत एक शॉवर कॅप आणि जुना मऊ पंचा. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत कोंडू नका. मी एका पावसाळ्यात बॅगेतच ठेवला, दिवाळीला काढला तर भिंगात आतून कोळ्याचं जाळं. बुरशी. दुरुस्तीचा आकडा ऐकून खाली बसलो. तेव्हापासून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, महिन्याला एकदा तव्यावर भाजून घेतो. बायको विचारते आज काय फोडणीला.

आणि फुलांसाठी लांब झूम लागतच नाही असं समजू नका. कासला वाट सोडून आत पाऊल टाकता येत नाही, टाकूही नये. तेरड्याचा गुलाबी गालिचा रुंद टोकानं, सीतेची आसवं आणि दवबिंदू अगदी जवळ जाऊन, आणि वाटेपासून तीन मीटर आत फुललेली एखादी टोपली कारवी मधल्या झूमनं. पी९५० पूर्ण झूमवर पाच मीटरच्या अलीकडचं पकडत नाही. फूल पायाशी असेल तर झूम कमी करा नाहीतर मागं सरका, मागं रांग असते.

चारभिंतीची_पायवाट
पिठाचा अहवाल. सोमवारी एक किलो. चढताना काही नाही, उतरताना पिशवी पोटावर आपटते आणि मान पुढं ओढते. मंगळवारी पट्टा आडवा घातला, बरं वाटलं. बुधवारी पाऊस होता म्हणून पिशवी घरी ठेवली, असं मी स्वतःला सांगितलं. गुरुवारी पाऊस नव्हता तरी ठेवली. शुक्रवारी सासूबाईंनी त्या पिठाची भाकरी थापली.

सहाशे ग्रॅमची साखर मात्र आठवडाभर सोबत होती. दोनदा विसरले की गळ्यात आहे.

भाच्याला कळवलं. तो म्हणाला, मावशी, पीठ आणि कॅमेरा एक नव्हे. बरोबर आहे, पीठ उपयोगी तरी पडलं.

फ्लॅशवाला, कराड
हरलो. पण एफ ६.५ वर ठाम आहे.

आयर्विनखालचा
मी पी९५०वाला, तरी सांगतो काकांचं खरं आहे. माझा कॅमेरा मोटरसायकलच्या पेटीतनं नदीपर्यंत जातो, तिथं ट्रायपॉडवर बसतो. गळ्यात घालून गड चढायचा असता तर मी पण घेतला नसता. कोयनाकाठ म्हणतात तसं पूर्ण झूमला पायाजवळच्या फुलाला बेकार, मगरीला झक्कास. पक्ष्यासाठी आणि चंद्रासाठी त्याच्या डायलवर वेगळी खूण आहे, तेवढी एक चैन आहे बगा.

काउंटरमागून
पुण्यात एका दुकानात बारा वर्षं कॅमेरे विकतो, मूळचा कोरेगावचा. दुकानाचं नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल. जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

डोळ्याला लावायची खिडकी, व्ह्यूफाइंडर, आधी बघा, झूम नंतर. उन्हात मागचा पडदा दिसत नाही, आणि लांब झूमला कॅमेरा हात लांब करून धरला की चित्र पाण्यासारखं हलतं. डोळ्याला टेकवला की कपाळ, दोन कोपर आणि बरगड्या मिळून तिपाई होते. चष्मेवाल्यांनी खिडकीशेजारचं बारीक चाक फिरवून नंबर जुळवायचा, मग आतली अक्षरं स्वच्छ दिसली पाहिजेत. एसएक्स७० आणि पी९५० दोन्हीच्या खिडक्या बऱ्या. एफझेड८२ ची जुन्या घडणीची, रंग फुटल्यासारखे दिसतात कित्येकांना. त्याची सुधारलेली आवृत्ती एफझेड८२डी, २०२४ ची, तिच्यात खिडकी बदलली.

दुसरं, पूर्ण झूमला पक्षी हरवतो. फांदी दिसते, पान दिसतं, पक्षी नाही. पी९५० आणि एसएक्स७० दोन्हीच्या भिंगाच्या बाजूला एक बटण आहे. दाबलं की झूम मागं जातो, पक्षी सापडतो, सोडलं की परत तिथंच. नवशिक्यांना हे बटण झूमपेक्षा मोलाचं. दुकानात रस्त्यापलीकडच्या पाटीवर करून बघा, विक्रेता कंटाळला तरी.

तिसरं, मागचा पडदा उघडून फिरतो का. एसएक्स७० आणि पी९५० चा फिरतो, एफझेड८२ चा चिकटलेला. गुडघ्याचं तुम्हीच म्हणालात म्हणून सांगतोय. सीतेच्या आसवांसाठी जमिनीवर लोळायचं की कॅमेरा खाली धरून वरून बघायचं, तेवढाच फरक.

वापरलेला घेणार असाल तर झूम दहा वेळा आतबाहेर करा, करकर आवाज आला तर नमस्कार करून निघा. मग एफ ८ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो, रुंदही आणि लांबही. काळे ठिपके म्हणजे आत धूळ. ब्रिज कॅमेऱ्याची लेन्स निघत नाही म्हणून धूळ जात नाही असं लोक समजतात. उलट झूम बाहेर आला की भात्यासारखी हवा ओढतो, आणि गेलेली धूळ आपल्याला घरी काढता येत नाही. शेवटी टॉर्चनं भिंगात उजेड टाकून बघा, कोयनाकाठ म्हणतात ती जाळी दिसते.

आणि बिल पक्कं, जीएसटीचं, कंपनीच्या भारतातल्या वॉरंटी कार्डासकट. चार हजार स्वस्त म्हणून बिनबिलाचा घेऊन वर्षानं रडत आलेले माझ्याकडं रोज दोन येतात.

टिटवी
+१, विशेषतः बटणाला. आणि दोन बॅटऱ्या घ्या. या सगळ्या कॅमेऱ्यांचं एका चार्जवर तीनशेच्या आसपास फोटोंचं गणित आहे. शिक्र्यामागं लागलात तर सकाळी अकराच्या आत तीनशे संपतात.

खिशातला
माझा फोन दोन दिवस चालतो. एवढंच नोंदवतो.

चारभिंतीची_पायवाट
घेतला! पुण्याला लेकीकडं गेले होते, दोन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातल्या मुलानं मला बघितलं आणि थेट गुलाबी रंगाचा छोटा कॅमेरा पुढं केला. म्हटलं, बाळा, मला व्ह्यूफाइंडर दाखव. त्याचा चेहरा फोटो काढण्यासारखा होता.

दुसऱ्या दुकानात पी९५० आणि एसएक्स७० शेजारी ठेवून अर्धा तास खेळले. समोरच्या इमारतीवर पारवे होते. पी९५० मधून पारव्याचा डोळा लाल दिसतो, खोटं कशाला बोलू, मन हललं. मग मान हलली. एसएक्स७० मधूनही डोळा दिसला, थोडा लहान. चष्म्यासकट खिडकी नीट दिसली, पडदा फिरतो, ते बाजूचं बटण डाव्या हाताला सवयीचं व्हायला दहा मिनिटं लागली. एसएक्स७० घेतला. जास्तीची बॅटरी, कार्ड, पक्कं बिल. बजेटात बसलं, उरलेल्यात लेकीला जेवायला नेलं.

फ्लॅशवाला, कराड
अभिनंदन ताई. आता गॅदरिंगसाठी कामाचं सांगतो, फुकट. पूर्ण झूम लावून मागच्या खुर्चीवरून काढू नका, रवाच येईल. पहिल्या दोन रांगांत जागा धरा, झूम शंभरच्या आतच ठेवा, भिंग तिथं एफ ३.४ ते ५ च्या दरम्यान उघडं असतं. शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली नको, पोरं नाचतात. स्पॉटलाइट चेहऱ्यावर आला की दाबा. फ्लॅश बंद. कच्च्या (रॉ) फाइलमध्ये काढलात तर रवा नंतर थोडा निवळता येतो, तो कॅमेरा ती सोय देतो.

रोलवाले_काका
चंद्रासाठी: ऑटोवर काढशील तर पांढरी टिकली येईल. हाताने लाव. आयएसओ १००, एफ ८, शटर १/१२५, मग एकेक पायरी कमीजास्त. पौर्णिमेपेक्षा अष्टमीला काढ. कडेनं ऊन तिरकं पडतं, खड्डे उठून दिसतात. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे लग्नातला फ्लॅश, सगळं सपाट. कराडकरा, राग मानू नको.

कोयनाकाठ
धागा वर काढतोय. ताई, कासला जाऊन आलात का?

चारभिंतीची_पायवाट
आले, गेल्या बुधवारी. रविवार टाळला. चवर मावळत आलेली, तेरडा आणि गेंद भरात. पहिला तासभर ढग होता, कॅमेरा शॉवर कॅपमध्ये आणि मी छत्रीत. मग दहा मिनिटं ऊन पडलं. सीतेची आसवं वाटेच्या अगदी काठावर होती. पडदा उघडून कॅमेरा जमिनीपासून चार बोटं वर धरला, रुंद टोक, भिंग फुलाला जवळजवळ टेकलेलं. गुडघा वाकवावा लागला नाही. फोटोत निळंजांभळं फूल एवढं मोठं आलंय की देठावरचा पाण्याचा थेंब दिसतो, आणि थेंबात उलटं पठार. ते काढताना दिसलं नव्हतं, घरी मोठं करून बघितल्यावर सापडलं. सासूबाई म्हणाल्या, एवढंसं फूल एवढ्या खर्चाचं.

फसलेलंही सांगते. धुक्यात पवनचक्क्या काढायच्या म्हणून पूर्ण झूम लावला, नुसता राखाडी कागद आला. सूर्यपक्ष्याचे साठ फोटो, त्यात चार धड. पहाटे सात वाजेपर्यंतचे सगळे पक्षी रव्याचेच, फ्लॅशवाले दादांचा एफ ६.५ रोज आठवतो. आता गड चढताना काढतच नाही, उतरताना काढते.

आणि आज सकाळी तारेवरचा खंड्या मिळाला! चोचीत टोळ. खाली टाकलाय फोटो. घरी कुणालाही काही न सांगता टेबलावर ठेवला. नातू म्हणाला, "खंड्या." बास.

आयर्विनखालचा
लई भारी. टोळाचं पाय पण मोजता येतात की. थंडी पडली की औदुंबरला या. दत्ताचं दर्शन घ्या, मग काठावरनं मगर दाखवतो. दीडशे मीटरवरनं तुमच्या कॅमेऱ्यात पूर्ण मगर शेपटीसकट बसंल, माझ्यात पूर्ण झूमला शेपूट कापली जाती.

त्रैराशिक
फोटो उत्तम. एक शंका. अंतर किती पावलं होतं? खंड्या फोटोच्या तिसऱ्या भागातच दिसतोय.

चारभिंतीची_पायवाट
३४ पावलं. नंतर मोजली.

त्रैराशिक
३४ पावलं म्हणजे २० मीटर ४० सेंटिमीटर. खंड्या २८ सेंटिमीटर, फोटोची रुंदी त्याच्या तिप्पट, ८४ सेंटिमीटर. म्हणजे झूम ८७५ च्या आसपास होता. तुमचा १३६५ पर्यंत जातो. पूर्ण का नाही लावला?

चारभिंतीची_पायवाट
लावला होता. पण तो वारा आला की तारेवर झुलत होता, पूर्ण झूमला सारखा बाहेर जायचा. म्हणून थोडा मागं घेतला. पण सर, फोटोच्या माहितीत तर १६१ लिहिलंय. ८७५ कुठून आलं?

त्रैराशिक
ते भिंगाचं खरं माप. तुमच्या कॅमेऱ्याला साडेपाचनं गुणायचं. १६१ गुणिले साडेपाच, ८८५. दहाचा फरक. ताई, पावलं बरोबर मोजलीत.